चक्कर?

यॉर्कटनच्या दवाखान्यात जुन्या नोंदी मागायच्या
तर अर्ज लागतो, ओळखपत्र आणि पंचेचाळीस डॉलर.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
सगळ्या हव्यात की ठरावीक वर्षांच्या?
सगळ्या, म्हटलं.
तिने एकतीस वर्षांचा ओरेस्त
खाकी पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

ओरेस्त स्वतः आतल्या खोलीत होता,
छातीवर उशी दाबून खोकत.
मी त्याला टेबलावर पसरला.

चौऱ्याण्णव साल, अंगठ्याला चार टाके.
कर्लिंगच्या मैदानाचा बर्फ तासताना पातं लागलेलं, आठवलं.
दोन हजार तीन, सिगारेट : सोडली, असे सांगतो.
असे सांगतो!
म्हणजे गॅरेजमधला वास
डॉक्टर फेनविकच्याही नाकात गेला होता.
दोन हजार अकरा, आई गेल्यापासून झोप नाही.
हे मला माहीत नव्हतं.
मी तर शेजारीच निजत होते.

मग ते पान. दहा ऑक्टोबर.
वजन, रक्तदाब, आणि तळाशी
घाईत लिहिलेली एक ओळ :
चक्कर? पुढच्या भेटीत पाहू.

विमा कंपनीच्या पत्रात ती ओळ अशी उतरली होती :
आपल्या पतीस प्रवासापूर्वीच्या नव्वद दिवसांत
चक्कर येण्याचा त्रास होता,
सबब दावा अमान्य.

प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळालं.
त्या एवढ्याशा आकड्याला
एक लाख बारा हजार डॉलर टांगलेले होते :
यूमाहून फिनिक्सला नेणारं हेलिकॉप्टर,
दोन स्टेंट, सहा रात्री,
आणि वेगळ्या बिलात कागदी चपलांचा एक जोड.

आम्ही तीस डिसेंबरला निघालो. एक्याऐंशी दिवस.
सात जानेवारीचा आमचा नाताळ घरी करून
दुसऱ्या दिवशी निघालो असतो
तर बरोबर नव्वद भरले असते.
नणंद म्हणत होतीच, थांबा.
पण बारा पदार्थ रांधायचे, गहू भिजत घालायचे,
खसखस वाटायची,
यंदा मला कंटाळा आला होता.

कॅल्गरीहून फोनवर ब्रेंडा-लिन बोलते, गोड बोलते.
फाइलमध्ये जे असतं तेच आम्हाला दिसतं, मिसेस लॅसिउक.
प्रश्नचिन्हही फाइलमध्येच आहे, म्हटलं.
बराच वेळ नुसती टकटक.
मग म्हणाली, ते पान अपिलासोबत जोडा.

जोडलं. वरती पेन्सिलने गोल केला.
एक गोष्ट मात्र त्या अपिलात लिहिली नाही,
ओरेस्तलाही सांगितली नाही.

त्या दिवशी तो काहीच बोलला नव्हता.
ठणठणीत आहे म्हणाला, टोपी घातली, उठला.
दारातून मागे वळले ती मी :
डॉक्टर, वाकून बर्फ बघतो ना, उठताना गरगरतं याला.
ओरेस्तने माझ्याकडे पाहिलं,
भर पाहुण्यांत नवऱ्याचं भोक पडलेलं बनियन दाखवावं तसं.
फेनविक हसला. बसला परत. लिहिलं.

काळजीने बोलले होते.
काळजी, असा रकाना त्या फॉर्मात नाही.

मार्चमध्ये माझी तपासणी.
फेनविक निवृत्त, आता एक नायजेरियाची तरुण डॉक्टर आहे,
हसरी, हात गरम करून मग नाडी बघते.
आणखी काही त्रास? तिने विचारलं,
बोटं कीबोर्डवर, वाट बघत.

बाहेर उणे सव्वीस.
मी कोटाची बटणं लावायला घेतली.
डाव्या हाताची दोन बोटं रात्रीपासून
माझी नसल्यासारखी,
एक बटण सुटलं, परत सुटलं.
थंडी फार, म्हटलं.
बाकी काही नाही.